दोन ठोक्यांच्या मध्ये

वहिनीने हातोडी मागे नेली, हवेत धरली आणि सोडली. हातोडी खिळ्यावर बसली आणि त्याच क्षणी 'ठक्' झालं. तिने पुन्हा मागे नेली, पुन्हा सोडली. ठक्. संगणकाच्या पडद्यावरचे मास्तर तोच खिळा तितक्याच मन लावून परत परत ठोकत होते. कंटाळली होती ती वहिनी.

"जुळतंय की," ती म्हणाली. "तुम्हीच बघा."

खरे मास्तर तिच्या मागे उभे होते. बसायला स्टूल होतं, पण ते बसले नव्हते. पडद्यावर त्यांचे केस काळे होते आणि बाह्या कोपरापर्यंत दुमडलेल्या होत्या. इथे सदऱ्याचं एक बटण चुकीच्या काजात गेलं होतं. त्यांनी वाकून पाहिलं आणि मान हलवली.

"हो. इथे जुळतंय."

"इथे म्हणजे?"

"घरी जुळत नाही."

बाहेरच्या काउंटरवर वहिनीचा धाकटा दीर कुणाचा तरी मोबाइल उघडून बसला होता. दातांत बारीक स्क्रू धरूनही त्याला बोलता येत असे.

"टीव्हीचा दोष असेल, मास्तर. काही टीव्ही आवाज उशिरा सोडतात. सेटिंगमध्ये जाऊन बघा."

"बघितलं. शेजारच्यांचा टीव्ही आणूनही बघितला."

"मग कानांचा असेल," दीर म्हणाला. वहिनीने खुर्ची मागे सरकवून त्याच्याकडे असं पाहिलं, की तो स्क्रू शोधायला काउंटरखाली वाकला.

मास्तरांची ही तिसरी खेप होती. आधीच्या दोन्ही वेळा वहिनीने निमूटपणे सगळं तपासून, एखादी जागा इकडेतिकडे करून पेन ड्राइव्ह परत दिला होता, आणि दोन्ही वेळा येरे माझ्या मागल्या. काय जुळत नाही ते मास्तरांना सांगता येत नव्हतं. न सांगता येणारी तक्रार घेऊन येणाऱ्या गिऱ्हाइकाला काय द्यायचं, हे अजून कुठल्याही दुकानदाराला उमगलेलं नाही.

दुकान दिराचं होतं आणि मागची खोली वहिनीची. सगळी गल्ली तिला वहिनीच म्हणायची, तिच्यापेक्षा वयाने मोठी माणसंसुद्धा. लोकांच्या घरचे डीव्हीडी प्लेअर एकेक करून मेले होते, पण डिस्का कुणी टाकून दिल्या नव्हत्या, आणि त्यावर वहिनीचं चाललं होतं. कुणाचं लग्न, कुणाचा पहिला वाढदिवस, कुणाचा निरोपसमारंभ. ती सगळं काढून पेन ड्राइव्हवर भरून द्यायची. जगातली इतकी लग्नं पाहून तिच्या डोळ्यांची आग होऊ लागली होती. तिच्या स्वतःच्या लग्नाची डिस्क कुठे होती ते तिला माहीत नव्हतं, आणि शोधायचा उत्साहही नव्हता.

मास्तरांच्या डिस्कने मात्र तिच्या नाकी नऊ आणले होते. डिस्कमध्ये फिल्म सलग नसते, तुकड्यांत ठेवलेली असते. ही डिस्क जुनी आणि ओरखडलेली होती. तुकडे जोडताना प्रत्येक सांध्यावर चित्राचा थोडा थोडा भाग गळून जात होता आणि आवाज मात्र होता तेवढाच राहत होता. सुरुवातीला सगळं ठीक. पुढे हातोडी खिळ्यावर बसायची आणि 'ठक्' मागून यायचं. शेवटी शेवटी तर मास्तर हातोडी खाली ठेवून घाम पुसत होते आणि ठोके चालूच होते.

यावर वहिनीचा उपाय ठरलेला होता. सगळा आवाज दाबून बसवला तर माणूस डब्यात तोंड घालून बोलल्यासारखा ऐकू येतो. म्हणून ती जिथे कुणी बोलत नाही, कसला आवाज नाही, तिथली शांतता कापायची. चिमूटभर इथून, चिमूटभर तिथून. कापल्याची खूण दिसू नये म्हणून वर खोलीच्या स्वच्छ शांततेचं ठिगळ लावायची. चित्र जरा अडखळलं तर गिऱ्हाईक लगेच ओरडतं. शांतता कमी झाली म्हणून आजवर कुणी भांडायला आलं नव्हतं. मास्तरांच्या डिस्कमध्ये तर ठोकेच ठोके होते. प्रत्येक ठोक्याला आवाज नेऊन चिकटवायचा. काम किचकट होतं, पण इतकं चोख ते तिच्या हातून क्वचितच उतरलं असेल. म्हणूनच तिला राग येत होता.

"मास्तर, मला नीट सांगा," ती म्हणाली. "कुठल्या ठिकाणी चुकतंय? कितव्या मिनिटाला?"

"ते मला नाही कळत. मला सगळं बरोबरच दिसतं." मास्तर आता स्टुलावर बसले. "हिला चालत नाही."

"कुणाला?"

"आमच्या हिला."

मग थोडं थोडं बाहेर आलं. मास्तर तंत्रशाळेत सुतारकाम शिकवायचे. निवृत्त होताना त्यांनी ठरवलं, की एक स्टूल पहिल्या फळीपासून शेवटच्या खिळ्यापर्यंत करून दाखवायचं आणि त्याची फिल्म मुलांसाठी शाळेत ठेवायची. कॅमेरा शाळेतून मागून आणला. कॅमेरा धरायला दुसरं कोण? बायको. शाळेने ती फिल्म एकदाही लावली नाही, ही गोष्ट वेगळी.

"त्या स्टुलाचे तीन पाय टेकतात," मास्तर म्हणाले. "चौथा अजून विचार करतोय. बोलण्याच्या नादात माप चुकलं."

वहिनीला हसू आलं, पण तिने ते दाखवलं नाही.

गेली काही वर्षं बायकोचं डोकं हळूहळू रिकामं होत चाललं होतं. माणसं ओळखू येत नव्हती. दिवस कसाबसा जायचा. संध्याकाळ झाली की ती उठायची आणि दाराशी जायची. घरी जायचंय म्हणायची. घरातच आहेस म्हटलं की चिडायची, कडी ओढायची. एकदा मास्तर आंघोळीला गेले असताना ती थेट मोठ्या रस्त्यावर पोहोचली होती. तेव्हापासून मास्तर न्हाणीचं दार उघडं ठेवून आंघोळ करत.

"ती डिस्क लावली की बसायची," ते म्हणाले. "तासभर. अगदी स्वस्थ. तेवढ्यात माझा स्वयंपाक व्हायचा. कधी जरा पाठ टेकायचो. आवाज मागेपुढे होता तरी तिला चालायचं. मग प्लेअर गेला. मला वाटलं, करायचंच आहे तर नीट करून घेऊ."

"आणि आता?"

"आता लावलं की मिनिटभर बघते आणि उठते. काल तर टीव्हीकडे पाठ करून उभी राहिली." मास्तरांनी हातातली पिशवी गुडघ्यावर सरळ केली. "रविवारी मुलगी येतेय. तिने एक जागा बघून ठेवलीय, अशा माणसांना ठेवून घेतात तिथे. तिचंही खोटं नाही. माझ्याने रेटत नाही हे तिला दिसतं. पण ही संध्याकाळची तासभर बसली ना, तर मी रेटेन. एवढंच घोडं अडलंय."

वहिनीने डोळे चोळले. टेबलावर आणखी डिस्का पडल्या होत्या, त्यांतली एक आजच द्यायची होती. तिची पाठ दुखत होती, आणि दुसऱ्याचं दुःख ऐकायला लागते ती ताकद दुपारीच संपली होती.

"मास्तर, स्पष्ट बोलते, रागावू नका," ती म्हणाली. "माणूसच आजारी असेल तर पेन ड्राइव्ह काय करणार? तेव्हा बसत होत्या, आता बसत नाहीत. आजार वाढला असेल."

बोलून झाल्यावर तिला कळलं की आपण काय बोललो.

मास्तरांनी पडद्याकडे पाहिलं. तिथे त्यांची हातोडी वर थांबली होती.

"तसंही असेल," ते म्हणाले. ते उठले, पेन ड्राइव्ह टेबलाच्या कडेवर ठेवला आणि बाहेर पडले. तो पुन्हा कधी न्यायला येऊ हे त्यांनी विचारलं नाही.

दीर आत डोकावला. "काय हो वहिनी, म्हातारा इतका गप्प का गेला? काय बोललात?"

"खरं तेच."

"मग बरोबर," दीर म्हणाला आणि परत आपल्या मोबाइलवर वाकला.

दुसऱ्या दिवशी सकाळी वहिनीने मास्तरांची मूळ फिल्म पुन्हा लावली, ती काही मोठ्या मनाने नाही. झोप नीट लागली नव्हती, आणि आपलं काम चुकलेलं नाही हे तिला स्वतःलाच एकदा पटवून घ्यायचं होतं. डोळे इतके चुरचुरत होते की आधी तिने डॉक्टरांनी दिलेले थेंब घातले. थेंब घातल्यावर डोळे मिटून पडून राहायचं असतं. तिने मान मागे टाकली, हेडफोन कानांवर ओढले आणि फिल्म तशीच चालू दिली.

ही फिल्म तिने कितीदा तरी पाहिली होती, पण ऐकली अशी कधीच नव्हती. ती ठोके शोधायची. ठोका सापडला की पुढचा ठोका. दोन ठोक्यांच्या मधलं ते रिकामं, कापायला उपयोगी.

अंधारात रंधा सरकत होता. मास्तर बोलत होते, लाकडाची शीर कुठे जाते ते आधी बघायचं, लाकूड आपल्याला सांगतं. आणि मग, अगदी जवळून, हेडफोनच्या आत कुणीतरी बसल्यासारखं, कुणीतरी म्हणालं, "हं."

वहिनी दचकली. डोळे उघडले तर थेंब वाहून जातील म्हणून ते तसेच मिटून धरले.

"पटाशी अशी धरायची," मास्तर म्हणाले.

"हं."

"अशी नाही. बघ, अशी."

"बघतेय."

हे शब्द तरी कसले, नुसते श्वासच होते. कॅमेरा धरलेल्या बाईचं तोंड माइकच्या इतकं जवळ, की तिला मोठ्याने बोलायची गरजच नव्हती. आणि फिल्ममध्ये आवाज येईल म्हणून ती तो दाबत होती. पण दाबून दाबून किती दाबणार? नवऱ्याने खिळा वाकडा ठोकला की तिच्या नाकातून हसू सुटायचं. तो सांगता सांगता भरकटला की ती बारीक खाकरायची, आणि तो गाडी रुळावर आणायचा. त्याने पटाशी जोरात मारली की तिचा श्वास अडकायचा, बोट वाचल्याचं दिसलं की सुटायचा. मास्तर मुलांना शिकवत नव्हतेच. मुलं कुठे होती तिथे? ते तिला सांगत होते आणि ती ऐकत होती. ते थांबायचे ते तिच्या 'हं'साठी, आणि तो आला की पुढे जायचे.

त्या थांबण्याच्या सगळ्या जागा वहिनीने कापल्या होत्या. उरलेल्यांवर स्वच्छ शांततेची ठिगळं लावली होती. फिल्ममध्ये आता एक माणूस होता. तो कुणाचं काही न ऐकता एकसारखा बोलत होता, आणि त्याचा प्रत्येक ठोका बरोबर बसत होता.

थेंब कधीच सुकले होते. वहिनीने डोळे उघडले आणि हेडफोन काढून ठेवले. तिला आपली लाज वाटली. चूक झाली याची तेवढी नाही, कालच्या बोलण्याची जास्त.

"वहिनी, चहा?" दीर बाहेरून ओरडला.

"नको. आणि आज कुणालाही आत सोडू नकोस."

"लग्नवाले येणारेत दुपारी."

"लग्न होऊन पंधरा वर्षं झालीत त्यांचं. उद्या न्या म्हणावं."

तिने आधीचं सगळं काम पुसून टाकलं. आवाज होता तसा अंथरला, एक कणही न कापता. आता चित्र कमी पडत होतं. जिथे सांध्यावर ते गळलं होतं तिथे तिने चित्रालाच थांबवलं. आवाज येऊन गाठेपर्यंत मास्तरांना हातोडी हवेत धरून उभं राहावं लागे. कुठे रंधा अर्ध्या फळीवर अडकायचा, कुठे मास्तर तोंड उघडं ठेवून वाट बघत राहायचे, आणि त्या थिजलेल्या चित्रावरून ते 'हं', ते हसू, तो श्वास अख्खा निघून जायचा. मग हातोडी खाली यायची.

संध्याकाळी दीर शटर ओढण्याआधी आत आला आणि तिच्या खांद्यावरून बघत उभा राहिला.

"वहिनी, हे अडकतंय हो."

"अडकू दे."

"लोक म्हणतील, हिला काम येत नाही."

"म्हणू देत."

दिराने पुढे काही विचारलं नाही. वहिनीला त्याचा हा एक गुण आवडायचा. सापडायला वेळ लागायचा, पण होता.

मास्तरांचं घर दोन गल्ल्या सोडून होतं, जिन्याखालच्या दोन खोल्या. शनिवारी संध्याकाळी वहिनी स्वतःच तिथे गेली. मास्तरांनी दार उघडलं तेव्हा त्यांच्या हातात भाजी कापायची सुरी होती आणि चेहऱ्यावर आश्चर्यसुद्धा नव्हतं, इतके ते दमले होते. त्यांच्या मागे, खोलीच्या मधोमध, एक किडकिडीत बाई हातात चप्पल घेऊन उभी होती.

"घरी जायचंय," ती वहिनीला म्हणाली. "तुम्ही न्यायला आलात का?"

"नाही हो. बसायला आलेय."

भिंतीलगत एक बॅग होती, तोंड उघडं. आत घडी केलेली दोन लुगडी आणि एक टॉवेल दिसत होता. वहिनीने तिकडे बघायचं टाळलं आणि पेन ड्राइव्ह पुढे केला.

"मास्तर, त्या दिवशी मी बोलले ते चुकीचं होतं. कामही चुकलं होतं. हे लावून बघा. चित्र मध्ये मध्ये थांबेल. थांबू दे. आवाज जरा मोठा ठेवा."

मास्तरांनी सुरी खिडकीत ठेवली आणि पेन ड्राइव्ह टीव्हीला लावला. बायकोला दंडाला धरून पलंगावर बसवलं, तिच्या हातातली चप्पल हळूच काढून घेतली, आणि खुर्ची ओढून टीव्हीच्या एका अंगाला बसले, तिचा चेहरा दिसेल असे. वहिनी दाराजवळच उभी राहिली.

फळी आली. रंधा आला. पहिल्या सांध्यावर चित्र अडकलं. असं काम वहिनीने उभ्या आयुष्यात कुणाला दिलं नव्हतं. बाई पलंगावरून उठली. मास्तरांचे खांदे खाली आले.

"अशी नाही," टीव्हीतले मास्तर म्हणाले. "बघ, अशी."

"बघतेय," टीव्हीतून बारीक आवाज आला.

उभी असलेली बाई थांबली. तिने मान किंचित कलती केली, पलीकडच्या खोलीतून कुणी बोलतंय का ते ऐकताना करतात तशी. मग पलंगाची कड हाताने चाचपली आणि खाली बसली.

 स्वयंपाकघरात कुकरची वाफ सुटत होती. खिळा वाकला, टीव्हीतून नाकातलं हसू आलं. पलंगावरच्या बाईच्या चेहऱ्यावर काहीच हललं नाही, पण ती टीव्हीकडे बघत होती. हळूहळू तिचे दोन्ही हात मांडीवरून उठले आणि छातीसमोर येऊन थांबले, काहीतरी जड आणि महागाचं धरल्यासारखे. मग ती जरा वळली. आता ती टीव्हीकडे बघत नव्हती. बाजूला खुर्चीवर बसलेल्या मास्तरांकडे बघत होती, एक डोळा बारीक करून.

"अहो," ती म्हणाली. "जरा डावीकडे सरका. अर्धेच येताय."

वहिनीने चटकन टीव्हीकडे पाहिलं. ती फिल्म तिला आता तोंडपाठ होती. हे त्यात कुठेच नव्हतं.

मास्तर उभे राहिले.  त्यांनी सदऱ्याचं आजही चुकलेलं बटण काढून नीट लावलं, आणि दोन्ही हातांनी खुर्ची उचलली.

"तुझ्या डावीकडे की माझ्या?" त्यांनी विचारलं, आणि खुर्ची तशीच धरून ते थांबले.